सौर वातातील चुंबकीय विक्षोभ व तरंग

सूर्याच्या किरीटातून सर्व दिशांना सतत बाहेर वाहणाऱ्या विद्युत् भारित कणांच्या प्रवाहाला सौर वात म्हणतात. या प्रवाहाबरोबर सूर्याचे चुंबकीय क्षेत्रही ग्रहांमधील अवकाशात ओढले जाते. त्या क्षेत्राच्या दिशेत व तीव्रतेत सेकंदाच्या अंशापासून कित्येक दिवसांपर्यंतच्या कालावधीचे जे बदल आढळतात त्यांना चुंबकीय विक्षोभ म्हणतात. त्यांपैकी काही तरंगरूप, काही आघात तरंगांच्या किंवा सीमापृष्ठांच्या स्वरूपाचे, तर पुष्कळसे अनियमित खळबळीचे असतात.

सूर्यापासून कणांचा अखंड प्रवाह निघत असावा, असे अनुमान लूडविक बीरमान यांनी १९५१ मध्ये धूमकेतूंच्या पुच्छांवरून काढले. यूजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये त्याची उपपत्ती मांडली आणि मरिनर–२ या अवकाशयानाने १९६२ मध्ये त्याच्या अखंडतेची खात्री पटविली. पृथ्वीजवळ या वाताचा वेग सामान्यतः ३०० ते ८०० किमी./से., घनता दर घ. सेंमी.मध्ये सु. ५ प्रोटॉन आणि चुंबकीय क्षेत्र सु. ५ नॅनोटेस्ला असते. सूर्याच्या अक्षीय भ्रमणामुळे क्षेत्ररेषांना सर्पिल आकार येतो व पृथ्वीजवळ त्या सूर्य–पृथ्वी रेषेशी सु. ४५° चा कोन करतात.

आल्फव्हेन तरंग : आयनद्रायू उत्तम विद्युत् संवाहक असल्याने क्षेत्ररेषा त्यात जणू गोठलेल्या असतात. क्षेत्ररेषेला ताण व आयनद्रायूला वस्तुमान असल्यामुळे छेडलेल्या तारेप्रमाणे क्षेत्ररेषेवरून आडवे तरंग जातात. हानेस आल्फव्हेन यांनी १९४२ मध्ये त्यांचे भाकीत केले. या कार्यासाठी त्यांना १९७० मध्ये भौतिकीच्या नोबेल पारितोषिकाचा सहभागी मान मिळाला. पृथ्वीजवळ या तरंगांचा वेग सु. ५० किमी./से. म्हणजे वाताच्या वेगाहून पुष्कळ कमी असतो. म्हणून तरंग वाताबरोबर वाहून नेले जातात आणि यानावरील चुंबकत्वमापकाला दिसणारे कालातील बदल हे बहुतांशी अवकाशातील रचनेचेच चित्र असते. ४०० किमी./से. वेगाच्या वातात एका तासाचा बदल सु. १४ लक्ष किमी. लांबीच्या रचनेशी तुल्य असतो.

सूर्यातील उगम : मरिनर–५ (१९६७) या यानाच्या निरीक्षणांवरून जे. डब्ल्यू. बेल्चर व एल्. डेव्हिस यांनी १९७१ मध्ये दाखविले की, वेगवान वातातील बहुतेक आल्फव्हेन तरंग सूर्यापासून दूर जाणारे असतात. याचे कारण असे : सूर्याजवळ तरंगवेग वाताच्या वेगापेक्षा जास्त असतो. तेथे निर्माण झालेले अंतर्गामी तरंग सूर्याकडे परततात व फक्त बहिर्गामी तरंगच सुटतात. जेथे दोन्ही वेग समान होतात त्या आल्फव्हेन पृष्ठापलीकडे सर्वच तरंग बाहेर वाहून जातात. म्हणजे या तरंगांचे मूळ त्या पृष्ठाच्या आत असले पाहिजे.

तेथे दोन कारणे संभवतात. दीप्तिगोलावर सु. १,००० किमी. व्यासाचे कणकासारखे संनयन कोष काही मिनिटांत बनतात व विरतात. त्यांच्या हालचालींनी क्षेत्ररेषांची मुळे हलतात व तरंग वर जातात. दुसरे म्हणजे, खुल्या व बंद क्षेत्ररेषा एकमेकींत तुटून पुन्हा जोडल्या जातात, तेव्हा मोकळ्या झालेल्या ताणातून प्रवाहझोत व तरंग निर्माण होतात. २०१८ मध्ये निघालेल्या पार्कर यानाला सूर्याजवळ क्षेत्राची दिशा क्षणभर उलटविणारे असंख्य वळसे आढळले. ते पुनर्जोडणीतून उद्‌भवतात की तरंगांच्या वाढीतून वाटेत तयार होतात, याविषयी मतभेद आहेत. या यानाने एप्रिल २०२१ मध्ये आल्फव्हेन पृष्ठ प्रथमच ओलांडले.

वाटेतील उगम : सर्वच विक्षोभ सूर्यातून येत नाहीत. किरीट विवरांतून निघणारा वेगवान वात पुढील मंद वाताला गाठतो, तेव्हा मध्ये संपीडित पट्टा बनतो. तो सूर्याबरोबर फिरत असल्याने पृथ्वीवर सु. २७ दिवसांनी पुनःपुन्हा येतो. किरीटातून उत्सर्जित झालेले द्रव्याचे प्रचंड मेघ आपल्यापुढे आघात तरंग ढकलतात. प्रोटॉनांचे तापमान क्षेत्राच्या दिशेने व तिला लंब दिशेने फार भिन्न झाल्यास आयनद्रायू अस्थिर होऊन लघू तरंग उत्पन्न करतो. पृथ्वीच्या धनुराघातावरून परावर्तित झालेले प्रोटॉनही तिच्यापुढील वातात सु. ३० सेकंद आवर्तकालाचे तरंग निर्माण करतात.

ऱ्हास व तापन : बहिर्गामी तरंगांचा काही अंश घनतेतील बदलांमुळे परावर्तित होतो. परस्परविरुद्ध दिशांनी जाणाऱ्या तरंगांच्या आंतरक्रियेने मोठ्या भोवऱ्यांतील ऊर्जा क्रमाक्रमाने लहान भोवऱ्यांकडे जाते व अखेर कणांच्या उष्णतेत रूपांतरित होते. प्रसरणामुळे वात जितका थंड व्हावा तितका तो होत नाही, याचे हे एक प्रमुख कारण होय. दीप्तिगोल सु. ५,८०० के. असताना किरीट दहा लक्ष के.हून अधिक तप्त का, या जुन्या प्रश्नाचे उत्तरही या ऱ्हासाशी निगडित आहे.

भूपरिणाम : ग्रहांमधील क्षेत्राचा दक्षिणाभिमुख घटक पृथ्वीच्या उत्तराभिमुख क्षेत्राशी जोडला गेला की, ऊर्जा चुंबकांबरात शिरते. हा घटक कित्येक तास प्रबळ राहिल्यास भूचुंबकीय वादळ होते. तरंगांमुळे तो अधूनमधून दक्षिणाभिमुख होत राहिल्यास सौम्य परंतु दीर्घकालीन क्षोभ दिसतो. २ सप्टेंबर १८५९ रोजी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत क्षैतिज घटक सु. १,६०० नॅनोटेस्लांनी घटल्याची नोंद आहे. १३ मार्च १९८९ च्या वादळात कॅनडाच्या क्वेबेक प्रांताचा वीजपुरवठा सु. ९ तास बंद पडला. पृथ्वीपासून सु. १५ लक्ष किमी. अंतरावरील बिंदूभोवती जानेवारी २०२४ मध्ये पोहोचलेल्या भारताच्या आदित्य–एल१ यानावर सौर वातातील कण व चुंबकीय क्षेत्र मोजणारी उपकरणे आहेत. तेथून वाताला पृथ्वीपर्यंत येण्यास सु. एक तास लागतो. पूर्वसूचनेसाठी मिळणारा अवधी तेवढाच असल्यामुळे विक्षोभांच्या उगमस्थानांचे ज्ञान व्यवहारातही महत्त्वाचे ठरते.