भांडायला एक टेबल, झोपायला एक खोली

रमजान आला की गावोगावी इफ्तारची निमंत्रणे सुरू होतात. शांतता समितीपासून नगरसेवकापर्यंत सगळे दस्तरखान अंथरतात. खजूर, फळे, दोन भाषणे, एक फोटो. चांगलीच गोष्ट आहे. पण बसलेले बहुतेक पन्नाशी ओलांडलेले असतात. नववी-दहावीतली मुले वाढायला असतात, नाहीतर मोबाइलवर. शिवाय जे खरोखर टोचते, ते त्या दस्तरखानावर कोणी काढत नाही.

नेमके तेच काढायला लावणारे एक शिबिर अमेरिकेच्या मेन राज्यात, ऑटिसफील्ड गावाजवळ तळ्याकाठी भरते. नाव 'सीड्स ऑफ पीस', म्हणजे शांततेची बीजे. जॉन वॉलक या पत्रकारांनी ते 1993 मध्ये सुरू केले. त्यांचे आईवडील नाझींच्या तावडीतून निसटलेले ज्यू. पहिल्या वर्षी इस्रायली, पॅलेस्टिनी आणि इजिप्शियन अशी 46 मुले आली. त्याच सप्टेंबरात राबिन आणि अराफत यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर हात मिळवले, तेव्हा ही मुले तिथे हजर होती. 2001 पासून भारत आणि पाकिस्तानची मुलेही जाऊ लागली. भारतातून गेलेल्यांत मुंबईची मुले बरीच.

शिबिराची रीत साधी आहे. चौदा-पंधरा वर्षांची 'शत्रू' मुले एकाच खोलीत झोपतात, एकाच टेबलावर जेवतात, एकाच संघातून खेळतात. शुक्रवारी जुम्याची नमाज आणि ज्यूंची शब्बात, रविवारी ख्रिस्ती प्रार्थना. इतरांना बसून पाहता येते. आणि रोज संवादाचा तास. त्यात गोड बोलण्याची सक्ती नसते. मुले ओरडतात, रडतात, मधूनच उठून जातात. ज्याच्यावर सकाळी आवाज चढवला, तोच रात्री शेजारच्या खाटेवर असतो.

कुरआनातील सूरह हुजुरातमध्ये माणसांच्या कौमी आणि टोळ्या वेगवेगळ्या का, याचे कारण 'ओळख व्हावी' असे सांगितले आहे. ओळख म्हणजे लगेच पटणे नव्हे, एवढे या शिबिराने बरोबर हेरले.

शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी या मुलांचा अभ्यास केला. एका खोलीत किंवा एका संवादगटात पडलेल्यांची मैत्री इतरांहून कितीतरी जास्त जुळली. समोरच्या बाजूचा एक जरी जवळचा मित्र मिळाला, तरी त्या सगळ्या समाजाकडे पाहण्याची नजर मवाळ झाली. घरी परतल्यावर हा ओलावा काहीसा आटला, पण पुरता गेला नाही.

खरी कसोटी घरीच असते. गॅलिलीतल्या अर्राबा गावचा आसील असला हा इस्रायलचा नागरिक असलेला पॅलेस्टिनी मुलगा. शिबिरात त्याने कितीतरी ज्यू मित्र जोडले होते. ऑक्टोबर 2000 मधील निदर्शनांच्या वेळी पोलिसांच्या गोळीने तो गेला. वय 17, अंगात शिबिराचा हिरवा टी-शर्ट. त्या दिवसांतील मृत्यूंच्या चौकशीसाठी आयोग बसला, पण एकाही पोलिसावर खटला चालला नाही. संवादाने गोळी अडत नाही. न्यायाची जागा मैत्रीने भरून निघेल असे मुलांना सांगणारे मोठे लोक त्यांना फसवतात.

तरीही काही रुजते. भारत-पाकिस्तानच्या मुलांना शिबिरात एक गोष्ट खटकली: दोघे एकाच घटनेवर भांडतात आणि दोघेही शाळेत शिकलेलेच बोलतात. मोठे झाल्यावर त्यांच्यापैकी काहींनी 'हिस्टरी प्रोजेक्ट' उभा केला. दोन्ही देशांच्या पाठ्यपुस्तकांतला इतिहास समोरासमोर छापला. 2013 मध्ये हे पुस्तक मुंबईत प्रसिद्ध झाले आणि शाळांत वर्ग सुरू झाले.

मेनला जायला विमान लागते. आपल्याकडे उर्दू शाळेतून मराठी शाळेत जायला बहुतेक ठिकाणी एक रस्ता ओलांडावा लागतो. दोन्हींकडच्या नववीच्या वीस मुलांना आठ दिवस एका छपराखाली ठेवायला फार पैसा नको; पहिल्या भांडणानंतर शिबिर गुंडाळणार नाहीत असे दोन शिक्षक हवेत. आणि विषय तर तयारच आहेत. 1905 ची बंगालची फाळणीच घ्या. आपली पाठ्यपुस्तके तिला इंग्रजांची 'फोडा आणि राज्य करा' ही चाल म्हणतात. पाकिस्तानची म्हणतात, पूर्व बंगालच्या मुसलमानांना पुढे येण्याची संधी मिळाली होती. दोन्ही पाने फळ्यावर लावायची, आणि शिक्षकांनी मागच्या बाकावर जाऊन बसायचे.