दोष व्हॉल्व्हचा नसतो तेव्हा

भोसरी-चाकणपासून वाळूजपर्यंत कुठल्याही वर्कशॉपमध्ये हवेच्या दाबावर चालणारं मशीन अडलं, की पहिला संशय सोलेनॉइड व्हॉल्व्हवर जातो. तसं होणं साहजिक आहे. वीज आणि हवा जिथे एकत्र येतात ती जागा तीच; दोन स्क्रू सोडवले की तो हातात येतो आणि स्टोअरमध्ये नवा तयार असतो. नवा बसवल्यावर मशीन बऱ्याचदा सुरूही होतं, आणि फसगत होते ती तिथेच. व्हॉल्व्ह बिघडला हे खरं असलं, तरी त्याला बिघडवणारा बहुतेक वेळा पाइपात, पॅनेलमध्ये नाहीतर खरेदीच्या कागदावर बसलेला असतो. तो जागचा हलत नाही, म्हणून नव्याचीही तीच गत होते.

जळालेली कॉइल घ्या. एसी कॉइलला वीज मिळते त्या क्षणी ती नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. प्लंजर वर जाऊन चिकटला की करंट उतरतो. गंजाने किंवा चिकट तेलाने प्लंजर अर्ध्यावर अडकला, तर करंट चढाच राहतो आणि कॉइल करपते. कॉइल बदलली, प्लंजर तसाच ठेवला, की नवीही जळणार. चालू कॉइल दांडीवरून काढून नुसती लोंबकळत ठेवली तरी हेच होतं, आणि दुरुस्तीच्या घाईत हे सर्रास घडतं. ‘माल हलका आला’ ही तक्रार कधी कधी खरीही असते. पण एकाच जागेवरच्या कॉइली पाठोपाठ जळत असतील तर दुकानदाराशी भांडण्याआधी प्लंजर बाहेर काढून बघावा. डीसी कॉइलमध्ये प्लंजर हलला काय, अडकला काय, करंट तोच राहतो. ती जळाली तर चुकीचा व्होल्टेज, पॅनेलमधली उष्णता किंवा आत शिरलेलं पाणी शोधावं. मोजणं सोपं आहे: 24 व्होल्ट, 4.8 वॉटच्या डीसी कॉइलचा रेझिस्टन्स सुमारे 120 ओहम यायला हवा. कनेक्टरचा दिवा लागला म्हणून कॉइल शाबूत आहे असं समजू नये; तो फक्त वीज तिथवर आल्याचं सांगतो.

एक्झॉस्टमधून सतत फुसफुसणारी हवा याहून फसवी. 5/2 व्हॉल्व्हच्या एक्झॉस्टमधून गळती दिसली की स्पूलचे सील गेले असं ठरवून टाकतात. पण सिलिंडरच्या पिस्टनचा सील फाटला, तरी हवा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाते आणि त्याच एक्झॉस्टमधून बाहेर पडते. हवा बंद करून, दाब पूर्ण उतरवून सिलिंडरकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या काढाव्यात, व्हॉल्व्हची ती तोंडं प्लगने बंद करावीत आणि मग हवा सोडावी. गळती थांबली तर व्हॉल्व्ह निर्दोष. मशीन अजिबात हलत नसेल, तर हाताने दाबायचं बटण हीच पहिली परीक्षा, मात्र दाबण्याआधी सिलिंडरच्या वाटेतून हात बाजूला. बटणाने सिलिंडर हलला तर दोष विजेकडे. नाही हलला तर हवेचा दाब, स्पूल किंवा गच्च भरलेला सायलेन्सर बघावा.

तरी सगळ्यात जुना गुन्हेगार पाणीच. पावसाळ्यात 30 अंशांना, 80 टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत सुमारे 24 ग्रॅम पाणी असतं. मिनिटाला 100 घनफूट हवा ओढणारा कॉम्प्रेसर तासाला चार लिटरच्या आसपास पाणी वाफेच्या रूपात आत घेतो. ही हवा 7 बारला दाबून 40 अंशांपर्यंत थंड केली, की त्यातलं सुमारे तीन लिटर लगेच सुटतं आणि उरलेल्यातलं काही पुढे थंड पाइपांत. टाकीचा ड्रेन आठवड्यातून एकदा उघडणाऱ्या ठिकाणी ते कुठे जात असेल, हे वेगळं सांगायला नको. ‘व्हॉल्व्ह स्वस्त, ड्रायर महाग’ हा हिशेब एका व्हॉल्व्हपुरता बरोबर आहे. पण ते पाणी लाइनवरच्या प्रत्येक व्हॉल्व्हमध्ये आणि सिलिंडरमध्ये जातं, आणि थांबलेल्या शिफ्टचे पैसे त्या हिशेबात धरलेलेच नसतात. ड्रायर परवडत नसेल तर आपोआप उघडणारा ड्रेन आणि वेळेवर साफ होणारा फिल्टर एवढं तरी हवंच. तेलाचं मात्र उलट आहे. आजचे बहुतेक व्हॉल्व्ह ग्रीस भरूनच येतात. त्यांना लुब्रिकेटर लावला तर मूळ ग्रीस धुऊन जातं आणि मग तेल कायम द्यावं लागतं.

निवड करताना ‘एक साइज मोठा घेतलेला बरा’ म्हणणारे भेटतात. पण मोठा व्हॉल्व्ह बहुधा पायलटवर चालतो, आणि आतल्या पायलटला साधारण दीड-दोन बार दाब लागतोच. नाजूक कामासाठी कुणी रेग्युलेटर एक बारवर आणला की कॉइल खट्ट वाजते, स्पूल जागचा हलत नाही आणि ठपका पुन्हा व्हॉल्व्हवर. अशा ठिकाणी थेट कॉइलवर चालणारा किंवा बाहेरून पायलट हवा घेणारा व्हॉल्व्ह लागतो. साइजच्याही आधी विचारायचा प्रश्न म्हणजे वीज गेली तर सिलिंडरने काय करायचं? एका कॉइलचा, स्प्रिंगवाला व्हॉल्व्ह हवा शिल्लक असेतो सिलिंडर मूळ जागी परत आणतो. दोन कॉइलींचा शेवटच्या स्थितीतच राहतो, म्हणून जॉब पकडून ठेवणाऱ्या क्लॅम्पला तो बरा. मधली स्थिती बंद असलेला 5/3 सिलिंडरला अधेमधे थांबवतो खरा, पण झिरपणाऱ्या हवेमुळे उभ्या सिलिंडरवरचं वजन हळूहळू खाली सरकतं. तिथे रॉड लॉकच लावावा लागतो.