नकाशा वाचणारे वकील घडवा!

१७ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे उद्घाटन झाले. ते तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झाले, याचा आंबेडकरी समाजाला विशेष आनंद झाला. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील पक्षकारांची मुंबईची फेरी वाचली. यासाठी वकिलांनी वर्षानुवर्षे लढा दिला. त्यात आम्हीही होतो. परंतु बेंच आले म्हणजे आमच्या वस्त्यांना न्याय मिळाला, या भ्रमात कुणी राहू नये. गरिबाचे घर न्यायालयात हरण्याच्या कितीतरी आधी नकाशावर हरलेले असते. आणि तो नकाशा वाचता येणारा वकील आज आमच्याकडे नाही.

हे नकाशाचे प्रकरण काय आहे, ते समजून घ्या. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ सालचा. या कायद्यानुसार शहराचा विकास आराखडा करताना आधी पाहणी होते आणि कोणती जमीन आज कशासाठी वापरात आहे, याचा नकाशा तयार होतो. त्यावरून प्रारूप आराखडा बनतो. कलम २६ खाली तो प्रसिद्ध झाला की नागरिकांना हरकती व सूचना देण्यासाठी तीस दिवस मिळतात. पुढे नियोजन समितीची सुनावणी आणि मग शासनाची मंजुरी. आता पाहणीच्या नकाशात आमची वस्ती ‘मोकळी जागा’ म्हणून दाखवली गेली, तर त्यावर बगीचा, वाहनतळ किंवा रस्ता यांचे आरक्षण पडायला कितीसा वेळ लागतो? महापालिकेत टांगलेल्या त्या रंगीत कागदावर आपले घर कुठल्या रंगाखाली गेले, हे धुणीभांडी करणाऱ्या बाईला किंवा हमाली करणाऱ्या माणसाला कोण सांगणार? तीस दिवस निघून जातात. नोटीस काही वर्षांनी येते. तेव्हा लोक वकिलाकडे धावतात, आणि हरकत का घेतली नाही, हा पहिला प्रश्न त्यांनाच विचारला जातो.

बरे, दिवाणी न्यायालयात जावे, तर याच कायद्याचे कलम १४९ आडवे येते. या कायद्याखालील आदेश अंतिम; त्यांना दाव्यात आव्हान देता येत नाही. उरतो उच्च न्यायालयातील रिट अर्ज. म्हणून कोल्हापूरच्या बेंचचे महत्त्व मोठे. पण रिट अर्जात लिहायचे काय, हे ज्याला आराखडा कळतो त्यालाच कळणार.

ओल्गा टेलिस खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने बुलडोझरशाहीला लगाम घातला. पाडकामापूर्वी किमान पंधरा दिवसांची नोटीस द्या, म्हणणे ऐकून घ्या, असे बजावले. परंतु रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदी व जलाशय अशा सार्वजनिक जागांवरील अनधिकृत बांधकामांना हे संरक्षण नाही. म्हणजे लढाई पुन्हा नकाशावर आली! आराखड्यात प्रस्तावित रस्त्याची रेघ असणे वेगळे आणि जागेवर सार्वजनिक रस्ता असणे वेगळे, हे न्यायालयाला नकाशा समोर ठेवून पटवून द्यावे लागेल. त्यासाठी नुसता कायदा पाठ असून भागणार नाही.

कोल्हापुरात हा प्रश्न अधिक तीव्र आहे. १९७२ साली महापालिका झाली. शहराचे क्षेत्र सुमारे ६६.८२ चौरस किलोमीटर, आणि त्यानंतर दशकानुदशके हद्दवाढीचा वादच चालत आला. शहर मात्र उचगाव, पाचगाव, कळंब्याकडे पसरतच राहिले. २०१७ साली ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले. गावगाड्याने आम्हाला गावकुसाबाहेर ठेवले होते. आज शहर जेव्हा गावाकडे सरकते, तेव्हा त्याच गावकुसाबाहेरच्या जमिनीला सोन्याचा भाव येतो. महार वतनाच्या जमिनी पाहा. हिरव्या पट्ट्यातली पडीक जमीन म्हणून ती कवडीमोलाने मागितली जाते. ती उद्या पिवळ्या पट्ट्यात जाणार आहे, याची खबर घेणाऱ्याला असते, देणाऱ्याला नसते. हस्तांतरणाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, हेही अनेक कुटुंबांना सही केल्यावर कळते.

पंचगंगेचा पूर तर २००५, २०१९ आणि २०२१ साली सगळ्या जगाने पाहिला. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ साली पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. पाणी चढू लागले की सुतारवाड्यातल्या कुटुंबांना दरवेळी आधी घर सोडावे लागते. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर नको, हे आम्हालाही मान्य आहे. पण मग जायचे कुठे, याचे उत्तर त्याच आराखड्यात जागा राखून द्यायला नको काय? ही मागणी हरकतीच्या मुदतीत, गट नंबर दाखवून, कलम सांगून करणारा माणूस हवा.

असा माणूस घडवण्याचे शिक्षण जगात आहे. ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब शिकले, तिथेच आज कायदा आणि नगर नियोजन यांची संयुक्त पदवी घेता येते. पदवीनंतर कायद्याची तीन आणि नियोजनाची दोन अशी पाच वर्षे लागली असती. संयुक्त अभ्यासक्रमात ती चार वर्षांत पूर्ण होतात. हार्वर्डमध्येही अशी सोय आहे. दोन विद्या एकत्र शिकण्याची ही कल्पना आम्हाला परकी वाटण्याचे कारण नाही. १९१६ साली लंडनमध्ये बाबासाहेबांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी असा दोन्हीकडे प्रवेश घेतला होता. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली परतावे लागले. मार्च १९२० मध्ये माणगावची परिषद झाली आणि त्याच वर्षी राजर्षी शाहू महाराजांच्या साहाय्याने ते पुन्हा लंडनला गेले. बॅरिस्टर झाले, डी.एस्सी. झाले. पुढे १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी केली. कायदा आणि नियोजन एकाच बुद्धीत नांदू शकतात, याचा याहून मोठा पुरावा कोणता? आणि त्या शिक्षणामागे उभे राहिलेले शाहू महाराज याच कोल्हापूरचे होते.

आपल्या देशात मात्र वाट अडवलेली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये दोन पदव्या एकाच वेळी घेण्यास मुभा दिली. पण व्यावसायिक परिषदांचे नियम त्यावर राहतील, असेही म्हटले. बार कौन्सिलच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांतील सहावा नियम कायद्याबरोबर दुसरा नियमित अभ्यासक्रम करू देत नाही. याच बार कौन्सिलला बी.ए. एलएल.बी. चालते, बी.टेक. एलएल.बी. चालते. मग नियोजन आणि कायदा यांची एकात्मिक पदवी का चालू नये? तिकडे नियोजनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला बहुतेक ठिकाणी वास्तुशास्त्र, स्थापत्य, नियोजन यांची पदवी किंवा भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र यांतील एम.ए. लागते. नुसत्या एलएल.बी.ला दार सहसा उघडत नाही.

आणि नियोजनकारांची देशाला गरज नाही काय? नीती आयोगाच्या सप्टेंबर २०२१ च्या अहवालानुसार ७,९३३ नागरी वसाहतींपैकी सुमारे ६५ टक्क्यांना आराखडाच नाही आणि राज्यांच्या नगररचना खात्यांतील मंजूर पदांपैकी ४२ टक्के पदे रिकामी होती. या पदांत आमच्याही राखीव जागा आहेत. पात्रताधारक उमेदवारच नसेल, तर त्या राखीव जागेचे काय करायचे?

म्हणून आमचे सांगणे स्पष्ट आहे. आपल्या घरातला मुलगा किंवा मुलगी स्थापत्य अभियंता असेल, भूगोलात एम.ए. असेल, तर त्याला तिथेच थांबवू नका. पुण्याच्या सीओईपीत नगर नियोजनाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. ते घ्या आणि मग कायद्याची तीन वर्षे करा. कोल्हापुरात १९३३ पासून शहाजी विधी महाविद्यालय आहे. परदेशी जाण्याची कुवत असणाऱ्यांनी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीकडे लक्ष ठेवावे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी ती आहे. दरवर्षी ७५ जागा. मात्र तिकडची कायद्याची पदवी घेऊन इथे वकिली करायची, तर बार कौन्सिलची मान्यता व पात्रता परीक्षा लागते, हे आधीच ध्यानात घ्यावे.

शिवाजी विद्यापीठात कायदा विभाग आहे, भूगोल विभाग आहे, दाराशी उच्च न्यायालयाचे बेंच आले आहे. विद्यापीठाने नगर नियोजन आणि कायदा यांचा एकत्रित अभ्यासक्रम सुरू करावा आणि बार कौन्सिलने त्याला मान्यता द्यावी, ही मागणी विद्यार्थी संघटनांनी व वकील संघटनांनी लावून धरली पाहिजे. तोवर प्रत्येक वस्तीतल्या बुद्धविहारात आपल्या भागाच्या आराखड्याची एक प्रत लावा. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास ती वाचा. आपले घर कोणत्या रंगाखाली आहे, हे आधी आपल्याला कळू द्या.

जयभीम!