बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या दिवशी



मी ख्रिस्ती आहे असे कळल्यावर मला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. ‘तुमच्यातले पहिले कोण बाटले?’ हा एक, आणि ‘घरात बोलता कोणत्या भाषेत?’ हा दुसरा. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा काही वाकडे नसते, म्हणून मीही सरळ उत्तर देतो. पण ज्या प्रश्नाची मी वाट पाहत असतो तो मात्र आजवर कोणी विचारलेला नाही. बाप्तिस्मा झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून माणूस काय करतो? पाणी कोणाच्या हातचे पितो, कोणाच्या पंगतीला बसतो, बायकोला पत्रात काय लिहितो?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यात, दापोली तालुक्यातल्या करजगावी, 1861 साली नारायण वामन टिळक जन्मले. चित्पावन ब्राह्मणाचे घर, पुढे नाशिकला संस्कृताचे अध्ययन, कीर्तनाचा नाद, कवित्वाचा त्याहून मोठा नाद. 1893 साली राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांच्या हाती नव्या कराराची प्रत दिली. पुढे दीड-दोन वर्षे हा माणूस त्या पुस्तकाशी झुंजला आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्याने बाप्तिस्मा घेतला. एवढी हकीकत पुष्कळांना ठाऊक असते. त्यांच्या कवितेमुळे असते, आणि त्याहून अधिक लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’मुळे असते.

या बाप्तिस्म्यातही लहान लहान निर्णय होते, ते पाहण्याजोगे आहेत. टिळकांनी गोऱ्या मिशनऱ्याऐवजी आपल्याच देशातल्या पाळकाच्या हातून बाप्तिस्मा घेतला. नाव बदलले नाही. नारायण वामन हे नाव अखेरपर्यंत तेच राहिले. आज या गोष्टी किरकोळ वाटतील. त्या काळी ख्रिस्ती होणे म्हणजे साहेब होणे अशी लोकांची समजूत होती, आणि काही ख्रिस्ती लोकांचीही होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांचे वजन कळते.

आता घरचा प्रश्न. नवरा ख्रिस्ती झाला. बायको झाली नाही. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाई मुलाला घेऊन माहेरच्या माणसांत राहिल्या. अशा प्रसंगासाठी सरकारने 1866 सालीच एक कायदा करून ठेवला होता. धर्मांतरामुळे जोडीदाराने सहा महिने सोडून दिले, तर ख्रिस्ती झालेल्याने कोर्टात जावे, आणि एक वर्षाची मुदत देऊनही जोडीदार आला नाही तर विवाह मोडून घ्यावा, अशी ती तरतूद. टिळकांनी ती वाट धरली नाही. ते पत्रे लिहीत राहिले आणि थांबले. चार-साडेचार वर्षे थांबले. टिळकांचा स्वभाव उतावळा, तापट. पैसा हातात ठरत नसे, घेतलेला निश्चय क्षणात बदलत. अशा माणसाने एवढे थांबावे, यात मला त्यांच्या श्रद्धेचा जितका पुरावा दिसतो तितका त्यांच्या कुठल्याही प्रवचनात दिसत नाही.

लक्ष्मीबाई अखेर नगरला नवऱ्याकडे आल्या, पण धर्म सोडून आल्या नाहीत. एका घरात दोन धर्म नांदू लागले. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. नगरच्या मंडळीत बहुसंख्य लोक महार-मांग समाजातून आलेले, म्हणजे शेजारपाजार सारा ‘शिवाशिवी’चा. बाईंची त्यात काय तारांबळ झाली ती त्यांनी स्वतःच इतक्या खट्याळपणे सांगितली आहे की मी सांगू गेलो तर रस जाईल. महत्त्वाचे हे की नवऱ्याने त्यांच्या चुलीला हात लावला नाही. जातिभेद माणसाने केला की देवाने, हा प्रश्न बाईंनी आपल्या मनाशी सोडवला, मग कोणाच्याही हातचे खायला-प्यायला लागल्या, आणि त्यानंतर 1900 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. क्रम लक्षात घ्या: आधी पाणी, मग बाप्तिस्मा.

हा क्रम ख्रिस्ती उपासनेच्या दृष्टीनेही अर्थपूर्ण आहे. आमच्या उपासनेत प्रभुभोजन नावाचा एक विधी असतो. येशूने शेवटच्या रात्री शिष्यांबरोबर भोजन केले, त्याच्या स्मरणार्थ मंडळी एकाच भाकरीचे तुकडे घेते, द्राक्षरस घेते. जो शेजाऱ्याच्या हातचे खाणार नाही त्याला या विधीत बसता यायचे नाही. म्हणून मंडळीत येणाऱ्याला पंगतीचा प्रश्न टाळता येत नाही. तरी आमच्यातही जात घराच्या मागल्या दाराने पुन्हा आत येते, विशेषतः सोयरीक जुळवताना. ते नाकारण्यात अर्थ नाही. रत्नागिरीकरांना हा प्रश्न परका नाही. 1931 साली पतितपावन मंदिर सर्व हिंदूंना खुले झाले त्या सुमारास या गावात सहभोजने झाली, आणि कोण जेवले, कोण जेवले नाही, यावरून घराघरांत काय रणे माजली ते आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल.

टिळकांचे मंडळीतले आयुष्यही सरळ गेले नाही. त्यांची मंडळी अमेरिकन मिशनची. हे मिशन 1813 साली मुंबईस सुरू झाले. उपासनेत तेव्हा इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीते पुष्कळ असत. मराठी शब्दाची ओढाताण होई आणि गाणाऱ्याच्या गळ्याचीही. कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन आधीच सुरू केले होते. टिळकांनी अभंग आणि भजन देवळात आणले. आपण तुकोबाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. आज ‘उपासना संगीत’ उघडले की पानोपानी टिळकांची गीते भेटतात. त्यांच्या घरी बालकवी ठोमरे राहिले, जेवले, रुसले, कविता लिहिल्या आणि हिंदूच राहिले.

1917 साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, साताऱ्यास गेले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. मंडळीत हे सर्वांना रुचले नाही, आणि बाप्तिस्म्याला काही अर्थच उरणार नाही ही त्यांची शंका पोकळ नव्हती. ती शंका मलाही आहे. 1919 च्या मे महिन्यात टिळक वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाला अग्नी दिला.

माझ्यासारख्या तरुणापुढे आज एवढे मोठे प्रसंग येत नाहीत. रविवारी उपासनेला जावे की क्रिकेटच्या सामन्याला, कचेरीतल्या सत्यनारायणाची वर्गणी द्यावी का, असले प्रश्न येतात. आणि दरवर्षी भाद्रपदात नेमाने येतो तो मोदकाचा प्रश्न. पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात याच जातीचा प्रश्न आहे. तिथल्या बाजारात देवळात वाहिलेले मांस विकायला येई. ते खावे की नाही? पौल म्हणतो, मूर्तीत काही नाही हे ज्याला कळले त्याला खाण्याने बाधा नाही. बाजारातले खा, कोणी जेवायला बोलावले तर पुढे येईल ते खा, उगाच चौकशी करू नका. परंतु हे नैवेद्याचे आहे असे कोणी मुद्दाम सांगितले, किंवा तुझ्या खाण्याने एखाद्या कच्च्या मनाच्या भावाचा पाय घसरणार असेल, तर त्याच्यासाठी सोड. प्रत्यक्ष पूजेत भागीदार होण्याला मात्र त्याचा स्पष्ट नकार आहे. शेजाऱ्याचे ताट या दोहोंच्या मध्ये कुठे बसते, ते ज्याचे त्याने ठरवायचे.

आमच्या घरात एकमत नाही. गेल्या भाद्रपदात शेजारच्या काकू मोदकांचे ताट घेऊन आल्या, आणि दारातच ‘बाप्पाचा प्रसाद हो’ म्हणाल्या. मामा ओटीवर बसले होते; त्यांनी हात जोडले आणि नम्रपणे ‘मला नको’ म्हणाले. आईने ताट घेतले, काकूंना आत बसवून चहा दिला, आणि रिकामे ताट परत जाऊ नये म्हणून त्यात वाटीभर साखर घातली. मी दोन मोदक खाल्ले. रात्री जेवणानंतर मामांनी करिंथकरांस पत्र काढले, आणि आम्ही दोघे साडेअकरापर्यंत भांडत बसलो.