शोक करावा की आवरावा?

प्रियजनाच्या मृत्यूनंतर रडणे हा मनाचा दुबळेपणा आहे काय? ख्रिस्ती धर्माच्या आरंभीच्या शतकांतील विचारवंतांपुढे हा प्रश्न उभा होता. भोवतालच्या ग्रीक-रोमन जगात स्टोइक पंथाचा मोठा प्रभाव होता. वासना, हर्ष, भय आणि शोक हे चार मनोविकार चुकीच्या समजुतीतून जडतात, ज्ञानी पुरुषाला ते शिवत नाहीत, असे स्टोइक सांगत. त्यातही पहिल्या तिघांना ते एकेक शुद्ध पर्याय तरी देत. शोकाला तोही नाही!

इजिप्तच्या वाळवंटातील साधू इव्हॅग्रियस (मृत्यू ३९९) याने साधकाला छळणारे आठ कुविचार सांगितले. खिन्नता त्यांपैकी एक. इच्छा अपुरी राहिली किंवा राग येऊन गेला की ती येते, हे त्याचे निरीक्षण कोणालाही पटावे. विकारमुक्ती त्याला हवी होती, परंतु तिच्यातून प्रेम जन्मते म्हणून. जेरोमने मात्र टोला हाणला की असा मनुष्य एक तर दगड असेल, नाहीतर देव.

ऑगस्टीनला हा प्रश्न घरातच भेटला. ३८७ साली रोमजवळच्या ओस्तिया बंदरी त्याची आई मोनिका वारली. त्याने स्वतः तिचे डोळे मिटले. त्याचा मुलगा अदेओदात हंबरडा फोडू लागला, तेव्हा त्यालाही गप्प करण्यात आले. आईला सद्गती लाभली असेल, तर रडायचे कशाला? दफनाच्या वेळीही ऑगस्टीनने अश्रू आवरले. नंतर तो स्नानाला गेला. (स्नानाच्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘मनातील दुःख घालवणारे’ असा तेव्हा लावला जाई.) दुःख होते तेवढेच राहिले. झोपून उठल्यावर एकांतात बांध फुटला.

पुढे ‘सिटी ऑफ गॉड’ या ग्रंथात त्याने स्टोइकांना उत्तर दिले. लाजराच्या कबरीकडे जाताना येशूही रडला होता. मनुष्य दुःखी झाला की नाही, यापेक्षा कशासाठी झाला हे पाहावे. प्रेम योग्य असेल तर भावनाही योग्य. या जीवनात दुःखच न होणे म्हणजे मन बधिर होणे. मानवी स्वभाव आदामाच्या पापाने बिघडला, ही त्याची उपपत्ती सर्वांना पटेल असे नाही. शोकाविषयीचे म्हणणे मात्र तिच्यावाचूनही उभे राहते.

बिशप झाल्यावर ‘कन्फेशन्स’मध्ये त्याने आपले ते रडणे उघडपणे लिहिले, आणि मोनिका व पात्रिक या आपल्या आईवडिलांचे स्मरण करावे अशी वाचकांना विनंती केली.