कार्टून पाहून मोठी माणसं का रडतात?

'कार्टून काय बघतोस, लहान आहेस का?' हा टोमणा बुलढाण्यापासून मुंबईपर्यंत प्रत्येक अ‍ॅनिमेशनवेड्यानं ऐकलेला असतो. उत्तरादाखल गीतांजली राव यांची 'प्रिंटेड रेनबो' दाखवावी.

जेजे इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड आर्टमध्ये शिकलेल्या राव अ‍ॅनिमेशन स्वतःच शिकल्या. १५ मिनिटांच्या या फिल्ममध्ये एकटी राहणारी म्हातारी, तिची मांजर आणि जमवलेल्या काडेपेट्या, एवढंच आहे. तिचं घर काळंपांढरं. काडेपेटीवरच्या चित्रात शिरली की मात्र रंगच रंग! एकटेपणा किती खोल आहे, हे तो फरकच सांगतो. समोर ओळखीच्या नटीचा चेहरा नसतो, म्हणून त्या रेषांमध्ये पाहणाऱ्याला आपलीच आजी दिसू लागते. २००६ मध्ये कान महोत्सवाच्या क्रिटिक्स वीकमध्ये या फिल्मनं तीन पुरस्कार मिळवले.

२०१९ मध्ये राव यांचा 'बॉम्बे रोज' आला. फुलं विकणारी कमला, काश्मिरातून आलेला सलीम आणि हातानं रंगवलेली एकेक फ्रेम. कथा अधूनमधून विखुरते, हे खरं. तरी मुंबईची गर्दी आणि त्यातलं एकाकीपण मनात राहतं. २०२१ मध्ये तो नेटफ्लिक्सवर आला, म्हणजे गावात मल्टिप्लेक्स नसलं तरी अडत नाही. हेडफोन मात्र लावा.