सतरा वर्षांचं वय आणि अचानक हाती आलेली बॅट

३ मे २०२५ ची रात्र. लातूर आणि नांदेडच्या वसतिगृहांत, भाड्याच्या खोल्यांत, मामा-मावशीच्या घरी उतरलेली हजारो मुलं दुसऱ्या दिवशीच्या ‘नीट’साठी लवकर झोपायचा प्रयत्न करत होती. त्याच सुमारास बंगळूरुच्या चिन्नास्वामी मैदानावर त्यांच्याच वयाचा एक मुलगा भुवनेश्वर कुमारसारख्या कसलेल्या गोलंदाजाच्या एका षटकात पाच चौकार आणि एक षटकार मारत होता. विरारचा आयुष म्हात्रे. वय १७. त्या डावात त्याने ४८ चेंडूंत ९४ धावा केल्या.

तो त्या मैदानावर पोहोचला तो दुसऱ्याच्या दुखापतीमुळे. चेन्नईच्या संघाने आयपीएल पाच वेळा जिंकलेली, पण या हंगामात त्यांची गाडी रुळावरून घसरली होती. ३० मार्चला गुवाहाटीत पुण्याच्या ऋतुराज गायकवाडच्या कोपरावर चेंडू आदळला. टाकणारा आपलाच कल्याणचा तुषार देशपांडे. गायकवाड त्यानंतरही दोन सामने खेळला. एक्स-रेमध्ये स्पष्ट काही दिसत नव्हतं, एमआरआयमध्ये मात्र हाडाला बारीक तडा असल्याचं निघालं. १० एप्रिलला तो हंगामाबाहेर गेला आणि कर्णधारपद ४३ वर्षांच्या धोनीकडे परत आलं. दुसऱ्याच दिवशी चेन्नईचा संघ स्वतःच्या मैदानावर २० षटकांत ९ बाद १०३ एवढंच करू शकला. तो सलग पाचवा पराभव. गायकवाडच्या जागी संघात घेतला गेला तो म्हात्रे. २० एप्रिलला वानखेडेवर, मुंबईविरुद्ध, त्याला पहिल्यांदा खेळवलं. १५ चेंडूंत ३२ धावा.

जाता जाता त्या तड्याबद्दल. बारीक तड्यात हाडाचे तुकडे जागचे हललेले नसतात, त्यामुळे हात हलतो, बोटं चालतात आणि माणूस ‘मुका मार आहे’ म्हणून तेल चोळत बसतो. पहिल्या काही दिवसांत असा तडा एक्स-रेला हुलकावणी देऊ शकतो. कोपराला मार लागल्यावर हात पूर्ण सरळ होत नसेल किंवा तळवा वर-खाली फिरवताना कळ येत असेल, तर एक एक्स-रे ठीक आला म्हणून विषय संपवू नये.

आता मूळ प्रश्न. आजूबाजूला सगळं कोसळत असताना सतरा वर्षांच्या मुलाला अचानक पुढे केलं, तर त्याच्या शरीरात आणि मेंदूत काय चालतं? हा प्रश्न क्रिकेटपेक्षा लातूरच्या ट्युशन एरियाला जास्त लागू आहे. तिथल्या मुलांची पाळीही एकदाच येते, १८० मिनिटांत १८० प्रश्न, आणि मागे उभं असलेलं घरही अनेकदा हरत चाललेल्या संघासारखंच असतं. सोयाबीनला भाव नाही, वसतिगृहाची फी भरलेली, आणि सगळ्यांचे डोळे एका मुलावर.

आधी फलंदाजाचं बघू. ताशी १४० किलोमीटरने आलेला चेंडू गोलंदाजाच्या हातातून बॅटपर्यंत पोहोचायला साधारण अर्धा सेकंद घेतो. काही दिसल्यावर हालचाल सुरू व्हायलाच माणसाला त्यातला जवळपास पाचवा हिस्सा सेकंद लागतो. म्हणजे विचार करून खेळायला वेळ उरतच नाही. मायकेल लँड आणि पीटर मॅक्लिओड या ब्रिटिश संशोधकांनी वेगवेगळ्या दर्जाच्या फलंदाजांच्या नजरेचा माग काढला आणि २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. फलंदाज चेंडूवर शेवटपर्यंत नजर ठेवतच नाही. तो चेंडू सुटताना पाहतो आणि मग टप्पा जिथे पडेल असं वाटतं, तिथे नजर आधीच नेऊन ठेवतो. चांगल्या फलंदाजाची ही उडी लवकर पडते, कच्च्याची उशिरा. ‘चेंडूवरची नजर काढू नकोस’ असं ओरडणाऱ्या समस्त काका मंडळींनी हे वाचायला हरकत नाही.

ही उडी हजारो चेंडू खेळून अंगात मुरते. आपण सायकल चालवतो तसं. सायकल चालवताना ‘आता उजवा पाय खाली, मग हँडल किंचित डावीकडे’ असा विचार सुरू केला की तोल जातो. दडपणाखाली नेमकं हेच घडतं. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ सायन बायलॉक यांनी गोल्फ खेळणाऱ्यांवर प्रयोग केले. निष्णात खेळाडूला स्वतःच्या हालचालीकडे बारकाईने लक्ष द्यायला लावलं की त्याचा खेळ बिघडतो. नवशिक्याला मात्र त्याच लक्ष देण्याचा फायदा होतो. म्हणून मुरलेला फलंदाज अडचणीत सापडला की त्याला तंत्राचे धडे देणं म्हणजे आगीत तेल.

परीक्षेत गडबड वेगळ्या वाटेने होते. भौतिकशास्त्राचं गणित सोडवताना तीन आकडे, एक सूत्र आणि ‘काय काढायचंय’ एवढं सगळं एकाच वेळी डोक्यात धरून ठेवावं लागतं. या तात्पुरत्या जागेला मर्यादा असते. ‘हे नाही आलं तर?’ हा विचार तीच जागा अडवतो. बायलॉक यांच्याच दुसऱ्या एका प्रयोगात ज्यांची ही जागा मुळात मोठी होती, म्हणजे एरवी जे वरचढ ठरायचे, त्यांनाच दडपणाचा फटका जास्त बसला. वर्गातल्या हुशार मुलीने पेपरात ऐन वेळी कच खाल्ली की आपण ‘तिची तयारीच वरवरची होती’ म्हणून मोकळे होतो. तसं नसतं.

फलंदाजाला विचार थांबवायचा असतो आणि परीक्षार्थीला विचारासाठी जागा मोकळी करायची असते. प्रेरणादायी भाषणं देणारे या दोन्ही गोष्टी एकाच पिशवीत भरतात, म्हणून ती भाषणं सभागृहाबाहेर टिकत नाहीत.

शरीरात काय होतं ते दोघांनाही सारखंच. मेंदूने धोका ओळखला की काही सेकंदांत अॅड्रेनालिन सुटतं. छाती धडधडते, तळहात ओले होतात, पोटात गोळा येतो. त्यामागून सावकाश कॉर्टिसोल वाढतं, आणि ताण सुरू झाल्यापासून साधारण वीस ते तीस मिनिटांनी ते शिखराला पोहोचतं. या कॉर्टिसोलचा आठवणीशी थेट संबंध आहे. स्वित्झर्लंडमधल्या डॉमिनिक द केरव्हँ यांच्या गटाने २००० साली एक सरळ प्रयोग केला. लोकांना शब्द पाठ करायला दिले आणि दुसऱ्या दिवशी चाचणीच्या तासभर आधी काहींना कॉर्टिसोनची गोळी दिली. त्यांना कमी शब्द आठवले. पाठांतर गेलं नव्हतं, बाहेर काढायची वाट तेवढी बंद झाली होती. केंद्राच्या फाटकाबाहेर आल्यावर ‘अरे, हे तर येत होतं’ म्हणत कपाळावर हात मारणाऱ्या मुलाला खोटारडा ठरवू नका. त्याला ते खरोखर येत असतं.

४ मे २०२५ च्या ‘नीट’मध्ये भौतिकशास्त्राचा भाग फार अवघड असल्याची तक्रार देशभर झाली. अशा पेपरात पहिलेच चार-पाच प्रश्न अंगावर आले, की कॉर्टिसोलचं शिखर आणि सोप्या प्रश्नांची वेळ एकत्र गाठ पडते. जीवशास्त्र आधी सोडवून घ्या, असं शिक्षक सांगतात ते गुण पटकन मिळावेत म्हणून. शरीरशास्त्राच्या बाजूनेही तो सल्ला चांगलाच आहे.

मग उपाय काय? सगळ्यात भक्कम पुरावा ज्याला आहे, ती गोष्ट लातूर पॅटर्नमध्ये आधीपासून आहे. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं की नुसतं पुन्हा पुन्हा वाचून केलेला अभ्यास ताणाखाली ढासळतो, पण पुस्तक मिटून, स्वतःला विचारून, आठवून आठवून केलेला अभ्यास ताणातही बऱ्यापैकी टिकतो. रोजच्या चाचण्या, रविवारचे सराव पेपर यांचा खरा उपयोग हा आहे. त्या चाचणीनंतर भिंतीवर लागणारी क्रमवारी आणि पालकांच्या मोबाइलवर जाणारे गुण मात्र वेगळं काम करतात. सराव हा सराव राहत नाही, दर आठवड्याची वार्षिक परीक्षा होते. माझं स्पष्ट मत आहे की चाचण्या ठेवाव्यात आणि याद्या काढून टाकाव्यात.

म्हात्रेचंही असंच आहे. चेन्नईला तो नवा होता, क्रिकेटला नव्हता. त्याआधीच्या ऑक्टोबरात त्याने मुंबईकडून रणजीत महाराष्ट्राविरुद्ध १७६ धावा केल्या होत्या आणि डिसेंबरात विजय हजारे स्पर्धेत नागालँडविरुद्ध ११७ चेंडूंत १८१. ‘नवख्याकडे गमवायला काही नसतं’ ही अर्धीच गोष्ट आहे. त्याच्याकडे आठवून वापरण्यासारखं बरंच होतं.

काही उपाय ऐकायला गोड, पण कच्चे आहेत. पेपरच्या आधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर उतरवली की गुण वाढतात, असा २०११ चा एक गाजलेला प्रयोग होता, तोही बायलॉक यांच्याच गटाचा. २०१८ साली इतरांनी तो मोठ्या संख्येवर पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. कुणाला लिहून बरं वाटत असेल तर लिहावं, गुणांची हमी धरू नये. ताण वाढला की कामगिरी आधी वाढते आणि मग घसरते, ही प्रत्येक व्याख्यानातली टेकडीसारखी आकृतीही मूळची १९०८ सालची, यर्क्स आणि डॉडसन यांनी उंदरांना विजेचे झटके देऊन केलेल्या प्रयोगांतून आलेली. माणसाच्या मुलाला किती झटके दिले की तो शिखरावर पोहोचेल, हे त्या आकृतीत लिहिलेलं नाही.

श्वासाचं मात्र करून बघण्यासारखं आहे. श्वास सोडण्याचा वेळ घेण्यापेक्षा लांब ठेवला की हृदयाचे ठोके उतरतात, कारण श्वास सोडताना हृदयाला आवर घालणाऱ्या मज्जातंतूचा जोर वाढतो. चार आकडे मोजून आत, सहा-सात मोजून बाहेर, अशी दोन-तीन मिनिटं. हे पहिल्यांदा परीक्षागृहात करू नये, दोन महिने आधीपासून प्रत्येक सराव पेपरला करावं. आणि धडधड सुरू झाली की ‘शांत हो, शांत हो’ असं स्वतःला दटावण्यापेक्षा ‘अंग तयार होतंय’ असं म्हणणं जास्त चालतं, असं काही प्रयोगांत दिसलंय.

झोपेवर सगळ्यात जास्त अन्याय होतो. १३ ते १८ वयाला रोज आठ ते दहा तास झोप लागते, असं झोपेच्या तज्ज्ञांच्या अमेरिकन संस्थेने २०१६ साली सांगितलं आहे. या वयात शरीराचं घड्याळच उशिरा सरकलेलं असतं, रात्री अकराच्या आत डोळा लागत नाही आणि सकाळी सहाची बॅच थांबत नाही. दिवसभर शिकलेलं झोपेतच पक्कं होतं, म्हणजे रात्री दोनपर्यंत अभ्यासिकेत बसून मिळवलेलं पहाटे पाचला उठून सांडून जातं. त्यात एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या खोलीत रात्रीही उकाडा. वसतिगृह निवडताना मेसच्या जेवणाची चौकशी सगळे करतात, खोली रात्री किती तापते हे कुणी विचारत नाही.

एक गोष्ट अजून राहिली. अचानक संधी मिळून चमकलेले आपल्याला आठवतात, कारण बातमी त्यांचीच होते. त्याच हंगामात चौदा वर्षांच्या वैभव सूर्यवंशीने ३५ चेंडूंत शतक ठोकलं. या दोन नावांवरून ‘मुलांना लवकर आगीत टाका, सोनं होऊन निघतील’ असा निष्कर्ष काढणारे पालक आता जिल्ह्याच्या मैदानांवरही दिसतात. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी वाढीचा मऊ थर असतो, आणि कोवळ्या वेगवान गोलंदाजांच्या कंबरेच्या मणक्यांना अतिश्रमाने तडे जाणं ही जगभर माहीत असलेली दुखापत आहे. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने म्हणूनच वयानुसार षटकांवर मर्यादा घातल्या आहेत. दोन आठवड्यांहून जास्त कंबर दुखणारा पंधरा वर्षांचा गोलंदाज ‘कारणं सांगतोय’ असं समजू नये.

त्या ३ मेच्या सामन्यात चेन्नई दोन धावांनी हरली. म्हात्रेचं शतक सहा धावांनी हुकलं, संघ आधीच बाद फेरीच्या शर्यतीबाहेर गेला होता आणि हंगाम संपला तेव्हा तक्त्यात तळाला होता. तरी पुढच्या सामन्यात त्याला परत बॅट दिली गेली. आपल्या मुलांना निकालानंतर घरात काय ऐकू येतं, यावर बरंच अवलंबून आहे. मूल अचानक बोलेनासं झालं, जेवण तुटलं, आवडीच्या गोष्टींतून मन उडालं किंवा ‘माझ्यामुळे तुमचं सगळं गेलं’ असं म्हणू लागलं, तर वाट पाहू नका. जवळच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग असेल तिथे दाखवा. तोपर्यंत टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, आणि फोन मुलानेच करायला हवा असं नाही, आई-वडीलही करू शकतात.